घरची दुरुस्ती आणि घाटाचा उतार

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. याच गावातील दत्तात्रय लोहार या कारागिराने जुने सुटे भाग जोडून, किक मारून सुरू होणारी एक छोटी चारचाकी घडविली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिची चर्चा देशभर झाली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे मनापासून कौतुक केले. परंतु ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या तिला रस्त्यावर मनाई होईल, हेही त्याच वेळी सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. हाताचे कौशल्य आणि रस्त्यावरची सुरक्षितता या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे या प्रसंगातून स्पष्ट होते.

व्यापारी घरांत काटकसर हा संस्कारच असतो. गाडीचे ब्रेक पॅड घरच्या अंगणात बदलले तर मजुरी वाचते आणि तरुण मुलांना यंत्राची ओळखही होते. त्यात गैर काहीच नाही. मात्र ब्रेकमधील चूक दुरुस्तीच्या जागी क्वचितच दिसते. सांगली शहर सपाटीवर वसले आहे. घर ते मार्केट यार्ड एवढ्या अंतरात अर्धवट ब्रेकही पुरेसा वाटतो. तीच गाडी कऱ्हाडमार्गे साताऱ्याला जाऊन यवतेश्वर किंवा वाईचा पसरणी घाट चढते आणि परतीच्या उतारावर तिची खरी परीक्षा होते. म्हणून दुरुस्तीनंतरची लक्षणे ओळखता आली पाहिजेत.

पहिले लक्षण लगेच जाणवते: पेडल थेट तळाला जाते. नवे जाड पॅड बसविण्यासाठी कॅलिपरमधील पिस्टन मागे ढकललेला असतो. तो पुढे येईपर्यंत ब्रेक लागत नाही. म्हणून गाडी जागची हलविण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबावे आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहावी.

पेडल मऊ लागत असेल, लागोपाठ दाबल्यावर वर येऊन पुन्हा मऊ होत असेल, तर नळीत हवा शिरली आहे असे समजावे. उत्पादकाच्या पुस्तिकेतील क्रमाने प्रत्येक चाकाची हवा काढावी आणि त्या वेळी टाकीतील ऑइल संपू देऊ नये. कॅलिपर पूर्ण उतरविले असल्यास आणखी एक चूक संभवते. डावा कॅलिपर उजवीकडे बसला, तर हवा काढण्याचे निपल खालच्या अंगाला येते. हवा वरच अडकून राहते आणि कितीही ऑइल ओतले तरी पेडल मऊच राहते. निपल वरच्या बाजूला आहे ना, एवढे पाहिले तरी ही चूक उमगते.

पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली जात असेल, तर गळती असते किंवा मास्टर सिलिंडरमधील रबरी सील निकामी झालेले असते. अशी गाडी चालवूच नये. ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर कॅलिपरची सरकती पिन अडकणे, होजपाइपला पीळ पडणे किंवा पॅडला ग्रीस लागणे ही कारणे तपासावीत. ग्रीस लागलेले पॅड पुसून वापरू नये. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे. थरथर जाणवल्यास डिस्कमागील गंज आणि चाकाचे असमान आवळलेले नट पाहावेत.

काटकसरीचा खरा मोह ब्रेक ऑइलच्या बाबतीत होतो. कपाटातील अर्धा उघडा डबा वापरावासा वाटतो. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले की ते उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी पोकळ होते. सपाटीवर याची पुसटशीही कल्पना येत नाही. इंजिन ऑइल तर थेंबभरही नको. त्याने रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा बदलावी लागते.

बँकेत एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. नोंद करणाऱ्यावर अविश्वास असतो म्हणून नव्हे, तर आपली चूक आपल्याला दिसत नाही म्हणून. ब्रेकलाही हाच नियम लावावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. नंतर मोकळ्या मैदानात अगदी संथ वेगाने ब्रेक लावून पाहावा. नवे पॅड डिस्कशी नीट जुळेपर्यंत पहिले काही दिवस जोराचा ब्रेक टाळावा. आणि घाटाचा प्रवास करण्यापूर्वी एकदा जाणत्या मेकॅनिकच्या नजरेखालून गाडी घालावी. या तपासणीची मजुरी द्यावी. ती वाचविण्याची जागा ही नव्हे.

उतारावर खालचा गिअर ठेवावा. पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकी बोगद्यानंतरचा उतार आणि इंग्रजी एस आकाराचे वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे सारा भार ब्रेकवर टाकणे धोक्याचे. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक निवू द्यावेत.

लग्नकार्याची घाई असते, गाडीत आजी-आजोबा आणि लहान मुले बसलेली असतात, आणि अशा वेळी ‘चालेल’ म्हणावेसे वाटते. निघण्याच्या सकाळी पेडल थोडेही मऊ लागले, तर गाडी दारातच ठेवावी आणि साताऱ्याला एसटीने जावे.