गणित सोपे करू नका!

गणित अवघड आहे असे म्हणणाऱ्या माणसाचा मला कधी राग आलेला नाही. अवघड आहेच ते. राग येतो तो ‘आपल्याला बुवा गणितातले ओ की ठो कळत नाही’ असे चारचौघांत हसून सांगणाऱ्या शिकल्यासवरलेल्या मंडळींचा. लग्नाच्या पंक्तीत बसून ‘मला अजून वाचता येत नाही हं!’ असे कोणी कौतुकाने सांगेल काय? जीभ चावील! पण गणितात आपण ढ होतो ही गोष्ट वकील सांगतात, डॉक्टर सांगतात, कवी तर सांगतातच; जणू गणित न येणे हे कोमल मनाचे लक्षण आहे. आणि हे सारे चाललेले असताना शेजारी दुसरीतले चिरंजीव करंजी खात बसलेले असतात. त्यांचे तोंड गुंतलेले असते, कान मोकळे असतात. बाबांना गणित आले नाही, तरी बाबांनी घर घेतले, गाडी घेतली; मग माझेच काय अडले आहे, हा हिशेब त्यांना बिनचूक जमतो.

या गणिताच्या शिकवण्यावर बोलण्यासाठी मध्यंतरी मला एका पॉडकास्टवर बोलावणे आले. पॉडकास्ट म्हणजे काय हे ज्या आजीआजोबांना ठाऊक नसेल त्यांनी आकाशवाणीवरचे भाषण आठवावे. फरक एवढाच की ते भाषण दहा मिनिटांत आटोपे, आणि हे दोन दोन तास चालते. मी एका तालुक्याच्या गावी लहान मुलांना गणित शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण विचाराल तर मॅट्रिक. विनाअनुदानित शाळेच्या चालकांना स्वस्तातला मास्तर हवा होता आणि मला लिहायला संध्याकाळ मोकळी हवी होती, असा तो योग जुळून आला. तर अशा मास्तराला कोणी आपण होऊन बोलते करतो म्हटल्यावर मी धुतलेला सदरा घालून गेलो.

बोलावणारा तरुण मोठा सभ्य होता. त्याने चहा दिला, माझ्या कानांवर खोबऱ्याच्या वाट्यांएवढी दोन टोपणे चढवली आणि पहिलाच प्रश्न टाकला, “सर, पालकांना अशा पाच टिप्स द्या, की मुलांची गणिताची भीती एका आठवड्यात जाईल.” मी म्हटले, “अहो, भीती म्हणजे खोकला नव्हे, पाच दिवसांच्या गोळ्यांची पुडी बांधून द्यायला.” तो खळखळून हसला, आणि लगेच म्हणाला, “खरं सांगू का सर, मला स्वतःला गणित कधी जमलंच नाही!” आता यावर काय बोलावे?

मी त्याला माझ्या वर्गातल्या एका मुलीची हकिकत सांगितली. ती बावन्नातून सत्तावीस वजा करून पस्तीस उत्तर लिहीत असे. एकदा नव्हे, दरवेळी असेच. आता हे उत्तर चूक आहे हे सांगायला मास्तर कशाला हवा? तांबडी शाई पुरे. पण पस्तीसच का, हे विचारायला मास्तर हवा. मी तिला जवळ बसवून विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मोठ्यातून लहान जातं ना? सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.” मोठ्या संख्येतूनच लहान संख्या जाते, असे तिला पहिलीत कोणीतरी सांगितले होते आणि ती गुणी पोर तो नियम इमानाने पाळत होती! तिच्या डोक्यात गोंधळ नव्हता; तिथे एक शिस्तशीर पण भलताच कायदा चालू होता. मग काड्या आणल्या. दहादहांचे पाच गठ्ठे बांधले, दोन काड्या सुट्या ठेवल्या. म्हटले, दे मला यातून सत्तावीस. तिने दोन गठ्ठे चटकन दिले. मग दोन सुट्या दिल्या आणि थांबली. माझ्याकडे पाहिले, गठ्ठ्यांकडे पाहिले. मी गप्प राहिलो. (गप्प राहणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत कठीण काम आहे, बायकोला विचारा.) बऱ्याच वेळाने तिने एका गठ्ठ्याच्या दोऱ्याला हात घातला आणि विचारले, “सोडू?”

‘हातचा’ या शब्दाचा अर्थ तिला त्या क्षणी कळला. पण तेवढ्याने भागले नाही. काड्यांवर कळलेले कागदावर उतरायला आणखी दोन दिवस गेले, आणि मगच वहीत पंचवीस आले. ही हकिकत मी त्या तरुणाला मोठ्या आवडीने ऐकवली.

पंधरा दिवसांनी कार्यक्रम बाहेर पडला. पाहतो तो काय, मुलगी नाही, काड्या नाहीत, गठ्ठे नाहीत! सगळे कापले होते. उरले होते पाढ्यांविषयीचे माझे एक वाक्य, आणि तेही अर्धे. मी म्हटले होते, “पाढे पाठ हवेतच, पण ते आधी मुलाने स्वतः बांधलेले हवेत.” त्यातले ‘पण’पासून पुढचे उडवले, आणि वर मथळा दिला, ‘पाढे पाठ नाहीत? मग मूल गेले वाया!’ आता ‘वाया’ हा शब्द मी कुठल्याही मुलाविषयी आयुष्यात उच्चारलेला नाही. मग काय विचारता! एकाने मला घोकंपट्टीचा पुतळा ठरवले, दुसऱ्याने छडीचे दिवस परत आणल्याबद्दल माझे अभिनंदन केले. दोघांपैकी कोणीही दोन तास ऐकण्याच्या भानगडीत पडले नव्हते.

पाढे की समज, हे भांडण मुळातच खोटे आहे. सातचा पाढा ज्याने सात सात चिंचोके मांडून एकदा स्वतः रचला, त्याला ‘सात आठे’ अडले तर तो ‘सात साते एकोणपन्नास’वर उभा राहून पुढे सात मोजतो आणि छप्पन्नावर पोहोचतो. नुसते घोकणाऱ्याचा दोरा तुटला की तो पुन्हा ‘सात एके सात’पासून गाडी सोडतो. पण म्हणून पाठांतर नकोच, असे म्हणणारे नवे पंडित मला त्याहून भयंकर वाटतात. दर खेपेस चिंचोके मांडत बसणाऱ्या मुलाला भागाकारापर्यंत पोहोचेतो दम लागतो. गवयाने सूर गळ्यात बसवू नयेत, दर वेळी पेटीवर शोधावेत, असे कोणी म्हणत नाही.

आपल्याकडे पाढे तरी काय थोडे होते! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी. आणि साडेतिनाची औटकी. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ शेरमणांच्या जागी किलो आले आणि या पाढ्यांची गरज सरली. त्यांना परत आणा असे मी म्हणत नाही. दशमान पद्धतीने मुलांचे कल्याणच केले. पण त्या पाढ्यांबरोबर एक गोष्ट घरातून गेली, ती म्हणजे अपूर्णांकाशी तोंडओळख. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलाच्या कानांवर पडत, तेव्हा अपूर्णांक हा पाचवीतला राक्षस नव्हता, घरचा पाहुणा होता. आज मुलाला विचारा, दीड वाटी रव्याला पाऊण वाटी साखर, तर तीन वाट्या रव्याला किती? तो कागद मागतो. त्याच्या शेजारी उभी असलेली, चौथीत शाळा सोडलेली आजी उत्तर देऊन परातीकडे वळलेली असते. या आजीला गणित येत नाही, अशी तिचीच समजूत आहे, हे आणखी दुर्दैव!

आता शब्दांचाच विषय निघाला म्हणून २०१९ सालचा तमाशा आठवतो. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’बरोबर ‘साठ तीन’ असे वाचन दिले होते. केवढा गहजब झाला! मराठी बुडाली म्हणून लोक रडले, विधानसभेत कोट्या झाल्या, घरोघर फोनवर विनोद फिरले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर या स्वतः गणितज्ञ. मुलांना जोडाक्षरी संख्यानामे जड जातात आणि जुनी नावे काढलेली नाहीत, हे त्या शांतपणे सांगत राहिल्या. पण विनोद करणाऱ्याला ऐकायला सवड कुठे असते? मला विचाराल तर दुसरीच्या मास्तराला यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना सहा आधी लिहावा लागतो. छत्तीस मुले यात गोते खातात. (छत्तीस सांगितले की त्यातली निम्मी त्रेसष्ट लिहितात, तेही आले.) जर्मन मुलांचीही हीच रड आहे, कारण त्यांच्या भाषेतही एक आधी आणि वीस मागून येतो. नॉर्वेच्या संसदेने तर १९५१ साली ठराव करून संख्या उलट्या वाचायच्या ठरवल्या, दशक आधी आणि एकक नंतर. त्यामागे टेलिफोनचे क्रमांक बिनचूक सांगता यावेत हा हेतू होता. तिथे भाषा बुडाली नाही. जुनी रीतही अजून बोलण्यात ऐकू येते.

मात्र जुनी नावे मी सोडणार नाही, आणि त्याचे कारण संस्कृती नव्हे, गणितच आहे. एकोणतीस म्हणजे एकाने उणे तीस. केवढी गोड वजाबाकी त्या शब्दाच्या पोटात दडली आहे! एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही शिस्त चालते आणि नव्याण्णवाला येऊन मोडते. का मोडली, हे वर्गाला विचारून पाहा. तास संपल्याची घंटा कोणाला ऐकू येणार नाही. ‘वीस एक’ने मुलाला वाट दाखवावी आणि ‘एकोणतीस’ने त्याला थांबवून विचारात पाडावे. दोन्हींची गरज आहे. पण दोन्ही म्हणणाऱ्याला आपल्याकडे कोणताच पक्ष आपला मानीत नाही.

त्या तरुणाने शेवटी मला एक युक्ती करून दाखवली. पासष्टचा वर्ग हवा? सहा गुणिले सात बेचाळीस, पुढे पंचवीस मांडा. चार हजार दोनशे पंचवीस! “वैदिक गणित, सर!” तो म्हणाला. युक्ती फक्कड आहे आणि मीही ती मुलांना दाखवतो. पण १९६५ साली निघालेल्या ज्या पुस्तकाने हे नाव रूढ केले, त्यातली सूत्रे उपलब्ध वेदवाङ्मयात सापडत नाहीत. आपल्या पूर्वजांचा अभिमानच धरायचा तर भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आहे की, १९५० नव्हे, ११५० सालची! असो. माझे भांडण नावाशी नाही. पंचवीसच का येतात, आणि सहाला त्याच्या पुढच्याच आकड्याने का गुणायचे, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “ते माहीत नाही, पण चालतं!” चालते ना? मग दिव्याचे बटण आणि हा वर्ग यात फरक काय राहिला? पासष्ट पासष्टांचा चौरस कागदावर काढावा. त्याच्या एका कडेची पाच रुंदीची पट्टी कापून साठच्या बाजूला उभी लावावी. साठ गुणिले सत्तरचा आयत होतो, आणि कोपऱ्यात पाच पाचांचा तुकडा उरतो. झाले! तो तुकडा म्हणजे पंचवीस. हे कात्रीने कापून पाहिलेले मूल पंच्याऐंशीचा वर्ग विसरत नाही, आणि विसरले तरी पुन्हा कापते.

“पण सर, याचा व्यवहारात उपयोग काय?” हा प्रश्न राहिलाच होता. त्याला मी देवळालीच्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचे नाव सांगितले. ते त्याने ऐकले नव्हते. हा माणूस नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होता आणि आकड्यांशी खेळत राहिला. कोणताही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. समजा २४१३. अंक उतरते मांडा, चढते मांडा आणि वजा करा: ४३२१ वजा १२३४, उरले ३०८७. पुन्हा तसेच: ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आता यापुढे कितीही करा, ६१७४च! कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत इथेच येऊन थांबाल. फराळाची ताटली बाजूला सारून घरातल्या सर्वांनी वेगवेगळे आकडे घेऊन बघावे. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनरने कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा जगाला हा मास्तर कळला. उपयोग? माझ्या वर्गातल्या सगळ्यांत कंटाळखोर मुलाने या खेळापायी एका दुपारी आपण होऊन चाळीस वजाबाक्या केल्या, आणि प्रत्येकीत हातचा होता.

तेव्हा गणित सोपे करून सांगा, असे ज्यांचे म्हणणे आहे त्यांनी आधी आम्हाला वेळ द्यावा. माझ्या वर्गात पन्नासच्या घरात मुले आहेत आणि तास पस्तीस मिनिटांचा. तासाचा भागाकार ज्याने त्याने करावा. एका मुलाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. त्या मुलीसाठी दोन दिवस मधली सुट्टी गेली. तिच्या शेजारचा मुलगा ‘एकशे दोन’ सांगितले की १००२ लिहितो. शंभर लिहिले, त्याच्यापुढे दोन लिहिले; त्याच्या दृष्टीने त्यात चुकले काय? हे त्याला अजून विचारायचे आहे. काड्या, गठ्ठे आणि शंभरांची मोळी तयार करून ठेवली आहे. सुट्टी संपली की त्याची पाळी.