मिक्सर पालथा केला का?

गेल्या महिन्यात पाहुणे येणार म्हणून घरी वड्यांचा घाट घातला होता. डाळ वाटता वाटता मिक्सर घरघरला आणि थांबला. आम्ही त्याच प्लगला इस्त्री लावून पाहिली, ती तापली. भांडे काढून पुन्हा बसवले, दोन चापट्या मारल्या. मग बी.कॉम. झालेल्या माणसाच्या थाटात निकाल दिला, "मोटर जळाली!"

संध्याकाळी मेकॅनिक आला. आयटीआय झालेला, विशीतला मुलगा. त्याने हत्यारांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. पिन काढली, मिक्सर पालथा केला, बुडाचे लाल बटण अंगठ्याने दाबले आणि पिन लावली. मिक्सर सुरू! मुलांच्या आईने पदर तोंडाला लावला. पोरे तर उघडच हसली.

भेटीचे 300 रुपये झाले. देताना आमचा हात जरा अडखळला. पोराच्या ते लक्षात आले. "काका, बटण दाबायचे नाही घेत. चार जिने चढून आलो त्याचे घेतो." खरेच होते. आम्ही पैसे दिले आणि चहाही ठेवायला सांगितला.

चहा पिता पिता त्याने समजावले. भांडे गच्च भरले, डाळीत पाणी कमी असले की मोटरवर ताण येतो, ती तापते. ती जळू नये म्हणून ते बटण आपोआप उडते आणि वीज तोडते. अशा वेळी पिन काढायची, भांडे हलके करायचे, दहा-पंधरा मिनिटे मोटर गार होऊ द्यायची, मग बटण दाबायचे. बहुतेक मिक्सरला ते बुडालाच असते. वॉशिंग मशीनमध्ये पाणी येत नाही म्हणून बोलावणे येते, तेव्हा कधी मागचा नळच बंद असतो, तर कधी पाइपाच्या तोंडाची जाळी गाळाने भरलेली असते.

"मग फोनवरच का विचारत नाहीस?"

"विचारतो ना! पण 'नळ चालू आहे का' म्हटलं की माणूस चिडतो. 'आम्हाला काय येडे समजलास?' म्हणतो. म्हणून आता सांगतो, नळ एकदा बंद करून परत चालू करा. मग चालू नसला तरी त्याची लाज राहते."

पोरगा हुशार! पण लाजेचा विषय निघाला आणि आमचा घोट अडकला. काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एका सोमवारी कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. कंत्राटदाराला कळवले, खिडकी बंद केली. बांधकामावर जाणारी एक बाई खाडा करून मुलीच्या दाखल्यासाठी आली होती. ती परत गेली. मंगळवारी आली, पुन्हा परत. दुपारी माणूस आला, त्याने पडद्यामागची सैल झालेली वायर दाबून बसवली. झाडताना धक्का लागला असावा. आम्ही चौघे कारकून तिथेच बसलो होतो, एकानेही मागे डोकावले नाही. हात लावला आणि आणखी बिघडले तर साहेब काय म्हणतील, ही भीती. बुधवारी बाईला दाखला मिळाला. "मशीन बिघडले होते," असे आम्ही तिला सांगितले. तिचे तीन खाडे झाले, त्यांतले दोन आमच्यामुळे. तेव्हा मात्र कोणीही हसले नाही.

वाचकहो, करपल्याचा वास आला, चटका किंवा झटका बसला, बटण पुन्हा पुन्हा उडू लागले, तर मात्र हात लावू नका. पिन काढा आणि मेकॅनिक बोलवा. तसा प्रसंगही आला. परवा शेजारच्या वहिनी धावत आल्या, "भाऊजी, मिक्सर बंद पडलाय, बघता का?" आम्ही नव्या विद्येच्या जोरावर गेलो, पिन काढून मिक्सर पालथा केला. बटण जागेवरच होते, आणि बुडातून जळका वास येत होता. वहिनींचा मिक्सर खरोखरच गेला होता. आम्ही त्याच पोराला फोन लावला.