पडद्यावर पंगत, पडद्यामागे पंक्तिप्रपंच

सर्कशीतल्या लग्नाची पंगत रंगात आली आहे. एक बुटका माणूस टेबलावर चढतो, मद्याचा भला थोरला पेला घेऊन एकेका पाहुण्यापुढे जातो आणि शेवटी नवरीपुढे उभा राहतो. आजपासून तू आमच्यातली, असा त्याचा अर्थ. देखणी, धडधाकट नवरी तो पेला त्याच्याच अंगावर रिकामा करते. टॉड ब्राउनिंगच्या ‘फ्रीक्स’ या १९३२च्या चित्रपटातला हा प्रसंग पाहून सिनेमाचे जाणकार आजही माना डोलावतात : काय ही करुणा!

आता हा चित्रपट काढणाऱ्या एमजीएम स्टुडिओच्या भोजनगृहात चला. चित्रपटातल्या खऱ्याखुऱ्या अपंग कलावंतांकडे पाहून घास उतरत नाही, अशी तक्रार स्टुडिओच्या लोकांनी केली आणि मोजके कलावंत सोडून बाकीच्यांची पाने बाहेर तंबूत मांडली गेली. नवरीला पेला फेकायला पटकथाकाराने सांगितले होते. या स्टुडिओवाल्यांना कोणी सांगितले होते? महाराष्ट्राला या प्रकाराचे नाव शिकवावे लागत नाही. याला पंक्तिप्रपंच म्हणतात!

आमचा आरोप सरळ आहे. ‘धक्कादायक’ म्हणून मिरवणाऱ्या सिनेमाला अपंगाचा देह पडद्यावर हवा असतो, माणूस ताटाला नको असतो.

‘फ्रीक्स’चाच पुरावा घ्या. हातपाय नसलेला प्रिन्स रँडियन नुसत्या ओठांनी काडी ओढून सिगारेट पेटवतो. क्षणभर वाटते, या दिग्दर्शकाला माणूस दिसला. पण शेवटाकडे मुसळधार पावसात, गाड्यांखालच्या चिखलातून, दातांत सुरा धरून सरपटत येतो तोही हाच रँडियन. ज्या देहाविषयी तासभर माया दाखवली, तोच देह शेवटी बागुलबुवा करून विकला! एवढे करूनही प्रेक्षक बिथरले. चित्रपट कापून सुमारे ६४ मिनिटांवर आणला गेला आणि ब्रिटनने तो तीस वर्षे बंद ठेवला. बंदीवाल्यांनाही या माणसांचा अपमान सलला नव्हता. त्यांना ती डोळ्यांसमोर नको होती, इतकेच.

पुढच्यांनी धडा घेतला म्हणावे, तर तेही नाही. १९७७ साली मायकेल विनरने ‘द सेंटिनल’मध्ये नरकातले जीव दाखवायला खरीखुरी व्यंग असलेली माणसे उभी केली. रंगरंगोटीचा खर्च वाचला! वर्नर हेर्झोगने १९७०च्या ‘इव्हन ड्वार्फ्स स्टार्टेड स्मॉल’मध्ये सगळी पात्रे बुटक्या कलावंतांना दिली. चित्रीकरणात एक जण गाडीखाली आला, एकाच्या अंगाला आग लागली. सगळे सुखरूप सुटलात तर मी निवडुंगात उडी मारीन, असा शब्द हेर्झोगने दिला आणि तो पाळलाही. उडी खरी, काटेही खरे. पण ज्याचे अंग पेटले त्याच्या हाती काय लागले? दिग्दर्शकाच्या चरित्राला एक खुमासदार किस्सा लाभला!

यावर ठरलेले उत्तर येते : त्यांची संमती होती, त्यांना पोटाला मिळाले. मग ‘फ्रीक्स’मधल्या डेझी आणि व्हायोलेट हिल्टन यांचा हिशेब मांडा. जन्मतः एकमेकींना जोडलेल्या या बहिणींची कमाई वर्षानुवर्षे पालकांच्या खिशात गेली. १९३१ साली न्यायालयाने त्यांना सोडवले. लगेच ‘फ्रीक्स’ आला. ज्यांच्यापुढे तमाशाखेरीज दुसरे दारच उघडे ठेवलेले नाही, त्यांच्या होकाराला संमती म्हणणे हे शुद्ध ढोंग आहे. १९६२मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा उद्धार झाला, तो अभिजात ठरला. त्याच दशकात या दोघी अमेरिकेतल्या शार्लट गावी किराणा दुकानात माल तोलून पोट भरत होत्या. जानेवारी १९६९मध्ये त्या कामावर आल्या नाहीत म्हणून शोध घेतला, तेव्हा घरात दोघी मृत सापडल्या. फ्लूने गेल्या होत्या. कीर्ती चित्रपटाला, तराजू त्यांच्या हाती!

आपल्याकडच्या निर्मात्यांनी हे परदेशातले पाप म्हणून हात झटकू नयेत. बुटका दिसला की हशा, तोतरा बोलला की टाळी, हा आपल्या पडद्याचा जुना नेम आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैद ठेवली आहे. ‘आँख मिचौली’ या हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने जुलै २०२४मध्ये बजावले की, आधीच परिघाबाहेर ढकललेल्यांची टवाळी करण्याची मुभा कलास्वातंत्र्यात बसत नाही. अपंगत्व समजावणारा विनोद आणि अपंगाला हिणवणारा विनोद यांतला फरकही न्यायालयाने सांगितला. आता अज्ञानाची सबब चालणार नाही.

सिनेमाने धक्का जरूर द्यावा. झोपलेल्या समाजाला तो हवाच. पण तो स्वतःच्या जिवावर द्या. दुसऱ्याचा देह पुढे करून शूर म्हणवून घेऊ नका. अपंग कलावंताला पटकथा लिहिली जाते त्या टेबलाशी बसवा, करारात त्याचा नकार मान्य करा, दिग्दर्शकाची खुर्ची त्याला द्या. मग तो तुमच्याविषयी काय दाखवतो, ते पाहा. खरा धक्का तेव्हा बसेल! आणि हे जमत नसेल, तर निदान एवढे करा : दुपारी जेवणाची सुट्टी झाली की त्याचे पान कुठे मांडले आहे, ते जाऊन बघा. तुमच्या कलेची किंमत आम्ही तिथेच करू.