सेकंड हँड स्पोर्टी कार घेताय? मायलेजच्या आधी हे गणित करा

पाच लाखांचं बजेट, चालवायला मजा यायला हवी, आणि पेट्रोल पंपावर दर आठवड्याला रडायची वेळ येऊ नये. सेकंड हँड गाडीबद्दल मला येणाऱ्या दहा मेसेजपैकी निम्मे तरी याच अपेक्षेचे असतात. लगेच पुढचा प्रश्न असतो: "दादा, अॅव्हरेज किती देते?"

प्रश्न चुकीचा नाही, पण सध्याच्या परिस्थितीत अपुरा आहे. गेल्या वर्षभरात दोन गोष्टी बदलल्या आहेत: नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी आणि पंपावर मिळणारं पेट्रोल. या दोन्हींमुळे जुन्या गाडीचा हिशोब नव्याने मांडावा लागतो. चला, एकेक करून बघू.

बाजारात नक्की काय बदललं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा लहान आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरचा सेसही गेला. म्हणजे नवी स्विफ्ट स्वस्त झाली, आणि नवी स्वस्त झाली की जुनीची किंमतही खाली यायला हवी. पण विकणारा बहुतेक वेळा आपल्या जुन्या बिलाचा आकडा धरून किंमत सांगतो. त्यामुळे घासाघीस करायच्या आधी त्याच किंवा तशाच मॉडेलची आजची ऑन-रोड किंमत काढा आणि तिथून खाली मोजत या.

दुसरी गोष्ट, जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो हे ऐकून अनेक जण घाबरतात. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी कौन्सिलने ठरवलेला हा कर डीलरच्या मार्जिनवर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. डीलरने ४ लाखांना घेतलेली गाडी ४.५ लाखांना विकली, तर कर ५० हजारांवर, म्हणजे ९ हजार रुपये. तुम्ही थेट मालकाकडून घेतली तर हा कर लागतच नाही. "जीएसटीमुळे ८० हजार जास्त द्यावे लागतील" असं कुणी म्हणालं तर हे गणित त्याच्यासमोर मांडा.

स्पोर्टी म्हणजे नेमकं काय?

लाल शिलाईच्या सीट आणि मागे लावलेला स्पॉयलर म्हणजे स्पोर्टी नाही. गाडी चालवताना मजा येते ती तीन गोष्टींमुळे: वजनाच्या मानाने ताकद, कमी आरपीएमवर मिळणारा टॉर्क, आणि वळणावर गाडीवर बसणारा विश्वास.

उदाहरण घेऊ. २०२१ च्या स्विफ्टमध्ये १.२ लिटरचं ९० पीएसचं इंजिन आहे आणि वजन ९०० किलोच्या आत-बाहेर. पोलो जीटी टीएसआयच्या १.२ टर्बो इंजिनात १०५ पीएस आहेत, पण वजन ११०० किलोच्या आसपास. टनामागे ताकद काढली तर दोघी जवळपास सारख्याच येतात, स्विफ्ट किंचित पुढेच.

मग पोलो एवढी जोरकस का वाटते? कारण टॉर्क. पोलोचा १७५ एनएम टॉर्क १५०० आरपीएमपासूनच हाताशी असतो. स्विफ्टचा ११३ एनएम मिळवायला इंजिन ४४०० आरपीएमपर्यंत न्यावं लागतं. घाटात ट्रकला ओव्हरटेक करताना हा फरक पायाला लगेच कळतो. पोलोत नुसता पाय दाबायचा, स्विफ्टमध्ये आधी एक गिअर खाली घ्यायचा. काहींना तोच गिअर खाली घेण्याचा खेळ आवडतो. तुम्ही कुठल्या गटात आहात हे टेस्ट ड्राइव्हमध्येच ठरवा.

यादीत कोणत्या गाड्या ठेवायच्या?

किंमत शहर, वय आणि अवस्थेनुसार बदलते. पण या बजेटच्या आसपास साधारण ही नावं समोर येतात.

*मारुती स्विफ्ट (२०१८ नंतरची, मॅन्युअल):* हलकी, चपळ, पार्ट गल्लीबोळात मिळतात. २०२१ च्या ड्युअलजेट इंजिनाचं कागदावरचं मायलेज २३.२० किमी आहे. कमजोर बाजू सुरक्षेची. ग्लोबल एनकॅपच्या २०१८ च्या चाचणीत तिला दोनच स्टार मिळाले होते.

*मारुती बलेनो आरएस (२०१७ ते २०२०):* १.० लिटर बूस्टरजेट टर्बो, १०२ पीएस, १५० एनएम, वजन फक्त ९५० किलो आणि मागेही डिस्क ब्रेक. फार खपली नाही म्हणून लोक विसरले. २०२३ मध्ये फ्रॉन्क्समध्ये याच घराण्याचं टर्बो इंजिन परत आलं, त्यामुळे मेकॅनिकला ते आता परकं राहिलेलं नाही.

*फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय:* आपल्या चाकणमध्ये बनलेली. २०१३ ते २०२० च्या सुरुवातीपर्यंतच्या गाडीत १.२ टर्बो आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स आहे. चालवायला अफलातून, पण या ड्राय क्लच डीएसजीच्या मेकॅट्रॉनिक युनिटच्या तक्रारी जगभर गाजल्या आहेत. मोठं काम निघालं तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो. २०२० पासून १.० टीएसआय आलं, ११० पीएस आणि सहा गिअरच्या मॅन्युअलसह. बजेट थोडं ताणता आलं तर मी तीच शोधेन. पोलोच्या बाजूने आणखी एक मुद्दा: २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत दोन एअरबॅगच्या पोलोला चार स्टार होते.

*फोर्ड फिगो १.५ डिझेल:* १०० पीएस, २१५ एनएम, आणि मायलेज कागदावर २५ च्या पुढे. स्टिअरिंग असं की चालवणारा खूश. पण सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. सर्व्हिस सुरू आहे, तरी तुमच्या शहरात ती कितपत जवळ आहे हे आधी बघा. महिन्याला दीड हजार किलोमीटरपेक्षा कमी चालवणार असाल तर डिझेलच्या नादी लागू नका. त्यात बीएस-६ डिझेल असेल तर डीपीएफ फिल्टर असतो, आणि नुसत्या शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी तो तुंबतो.

कागदावरचं मायलेज आणि खिशातलं मायलेज

एआरएआय ही पुण्याचीच संस्था. तिथला मायलेजचा आकडा गाडी रोलरवर ठरावीक पद्धतीने पळवून, एसी बंद ठेवून काढतात. मे महिन्यात चांदणी चौकात एसी लावून अडकलेल्या गाडीचा त्या आकड्याशी संबंध नसतो. त्या आकड्याचा उपयोग एवढाच, की दोन गाड्यांची आपापसात तुलना करता येते.

आता खरं गणित. समजा वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवणार आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर. प्रत्यक्षात स्विफ्ट १७ आणि पोलो टीएसआय १३ देते असं धरू. स्विफ्टला ७०६ लिटर लागतील, पोलोला ९२३. फरक २१७ लिटरचा, म्हणजे वर्षाला साधारण साडेबावीस हजार रुपये. तीन वर्षांत ६८ हजारांच्या आसपास.

रक्कम मोठी वाटते. पण डीएसजीचं एक काम निघालं तर ही अख्खी तीन वर्षांची रक्कम एका बिलात जाते. म्हणून मी दोन गाड्यांमध्ये निवड करताना मायलेजच्या दोन-तीन किलोमीटरवर तासभर वाद घालत नाही. त्या वेळात गाडीची सर्व्हिस हिस्ट्री वाचतो.

ई-२० पेट्रोल: घाबरायचं किती?

आज बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. मिश्रणात ते २० टक्के असल्यामुळे एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्येही जुन्या चारचाकींसाठी मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी कमी होईल असाच अंदाज होता. वर धरलेले १७ आणि १३ हे आकडे शुद्ध पेट्रोलचे मानले तर पोलोला यामुळे वर्षाला साडेसहा हजारांपर्यंत आणि स्विफ्टला पाच हजारांच्या आसपास जादा लागतील. त्रास आहे, पण गाडी घेण्याचा निर्णय बदलावा एवढा नाही.

जास्त महत्त्वाचा मुद्दा पार्टचा. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांमध्ये इंधनाशी संबंध येणारे भाग ई-२० ला टिकतील असे वापरले जातात. त्याआधीच्या गाड्यांबाबत सरकारनेच ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं होतं, की दीर्घ वापरानंतर, साधारण २० ते ३० हजार किलोमीटरनंतर, काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. वरच्या यादीतल्या जवळपास सगळ्या गाड्या २०२३ च्या आधीच्याच आहेत. तेव्हा फ्युएल पाईप आणि सील तपासून घ्या, बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून महिनोन्‌महिने उभी असलेली "एकदम कमी चाललेली" गाडी दिसली की जास्त सावध व्हा.

आता मोबाईल काढा

इथे आपली पिढी आपल्या वडिलांपेक्षा पुढे आहे. हजार रुपयांच्या आत ब्लूटूथ ओबीडी डाँगल मिळतं. ते स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये लावायचं आणि 'कार स्कॅनर' किंवा 'टॉर्क'सारख्या अॅपला जोडायचं. आयफोन असेल तर घेण्याआधी डाँगल त्याच्याशी चालतं का ते बघा, जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ डाँगल आयफोनला जोडलं जात नाही.

मग या चार गोष्टी बघा:

१. फॉल्ट कोड: आत्ताचे आणि पेंडिंग, दोन्ही.

२. कोड क्लिअर केल्यापासूनचं अंतर: सगळ्यात कामाचा आकडा. अनेक गाड्या तो दाखवतात. ६० हजार चाललेल्या गाडीत हा आकडा ८ किमी दिसला, तर कुणीतरी आज सकाळीच चेक इंजिनचा दिवा विझवला असण्याची शक्यता आहे. कधी बॅटरी बदलल्यानेही हा आकडा शून्यावर येतो. म्हणून थेट आरोप करू नका. कारण विचारा आणि दोन-तीन दिवस गाडी चालल्यावर पुन्हा स्कॅन करा.

३. रेडीनेस मॉनिटर: बरेचसे "नॉट रेडी" असतील तर तोच संशय पक्का होतो.

४. लाँग टर्म फ्युएल ट्रिम: तापलेल्या इंजिनावर हा उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत हवा. फार बाहेर असेल तर हवा गळतेय किंवा इंजेक्टर, सेन्सरचं काहीतरी बिनसलंय.

डाँगलला सगळं दिसत नाही. टर्बो गाड्यांचे जुने मालक बऱ्याचदा इसीयू रिमॅप करतात आणि विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात. त्याच्या खुणा बाहेर शोधा: बदललेला एअर फिल्टर किंवा सायलेन्सर, वरच्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही असा घसरणारा क्लच, एक्झॉस्टमधून निळसर धूर. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१९ च्या गाडीवर हाच टायर असेल आणि मीटर २५ हजार दाखवत असेल तर गोष्ट जुळते. त्याच मीटरवर २०२३ चे चार टायर दिसले, तर "एवढ्या लवकर का बदलले?" हे विचारायलाच हवं.

कागदाला आळस नको

एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा बघा. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलन वेगळं तपासा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी प्लेट लागली आहे का तेही बघा. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिथली एनओसी, इथला रोड टॅक्स आणि आरटीओच्या फेऱ्या जोडल्या की स्वस्ताई बरीचशी विरते.

फॉर्म २९ आणि ३० सह्या करून लगेच आरटीओत द्या. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जातो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियमचा फरक आधीच बजेटमध्ये धरा.

माझं मत

पाच लाख असतील तर साडेचार लाखांचीच गाडी बघा. उरलेले ५० हजार टायर, ब्रेक, सस्पेन्शन आणि पहिल्या मोठ्या सर्व्हिससाठी ठेवा. ताज्या टायरवरची साधी स्विफ्ट घासलेल्या टायरवरच्या जीटीपेक्षा घाटात जास्त मजा देते, आणि पावसाळ्यात जास्त सुरक्षितही असते.

मुख्यतः शहरात चालवणार आणि पहिलीच गाडी असेल तर २०१८ नंतरची मॅन्युअल स्विफ्ट. टर्बोचा नाद असेल आणि सर्व्हिस हिस्ट्री पूर्ण असलेली मिळाली तर बलेनो आरएस. दर शनिवार-रविवारी हायवेवर असाल तर सुरक्षेसाठी पोलो, तीही शक्यतो १.० टीएसआय मॅन्युअल. रोज लांबचा पल्ला असेल तरच फिगो डिझेल.

आणि यातली कुठलीही गाडी स्कॅन करायला, थंड इंजिनावर सुरू करून दाखवायला किंवा सर्व्हिस सेंटरला न्यायला मालक तयार नसेल, तर किंमत कितीही चांगली असो, तिथून निघा. बाजारात पुढची गाडी नक्की मिळते. गेलेले साडेचार लाख मात्र परत कमवायला वेळ लागतो.