झाकली मूठ कशासाठी?

२०२०-२१ च्या करोनानंतर ताप, खोकला, थकवा यांविषयी घरोघर बोलले गेले. मात्र खोकल्याच्या उबळीसरशी लघवीवरचा ताबा सुटणाऱ्या, किंवा दुखणे सरल्यावरही लघवीची घाई होणाऱ्या स्त्रियांनी ही मूठ झाकूनच ठेवली. मला ही लाज दुखण्याहून घातक वाटते. लाजेपायी त्या पाणी तोडतात. मग लघवी दाट होऊन मूत्राशय अधिकच चुरचुरते. प्रवास, लग्नकार्ये सुटतात ती वेगळीच. वास्तविक ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ सालीच मांडला. तीन महिने नेटाने केल्यास अनेकींना गुण येतो. मैत्रिणींनो, आईजवळ हा विषय काढा, तिला डॉक्टरांकडे न्या. आणि मित्रांनो, तुम्हीसुद्धा!