बदला, पण उजेडात बदला

निवडणूक वर्षभरावर आली आणि सत्ताधारी पक्षाच्या पोटात गोळा उठला, की मुंबईत एक जुना खेळ सुरू होतो. दिल्लीहून निरीक्षक उतरतात. आमदारांची बैठक बसते. सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना बहाल करणारा एका ओळीचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो आणि काल ज्याच्या नावाचा जयजयकार चालला होता, तो राजीनामा खिशात घालून राज्यपालांकडे निघतो. का निघाला, हे कोणी सांगत नाही. भंडाऱ्याच्या धान उत्पादकाला ही बातमी दुसऱ्या दिवशी पानठेल्यावरच्या पेपरात वाचायला मिळते. मत त्याचे, राज्य त्याच्या नावाने, आणि मुख्यमंत्री कोण गेला नि कोण आला याची खबर मात्र त्याला सर्वांत शेवटी!

डळमळीत झालेल्या सत्ताधारी पक्षाने निवडणुकीपूर्वी नेता बदलावा की बदलू नये, या प्रश्नावर पक्षांच्या कचेऱ्यांत आजवर एकाच बाजूने विचार झाला : बदलल्याने जिंकू का? पक्षांना दुसरी भाषा समजत नसल्यामुळे आधी त्यांच्याच भाषेत बोलू.

१९९३ च्या मार्चमध्ये दंगलींनी होरपळलेल्या मुंबईत सुधाकरराव नाईक पायउतार झाले आणि संरक्षणमंत्रिपद सोडून शरद पवार आले. त्यांच्याहून मातब्बर माणूस महाराष्ट्रात काँग्रेसपाशी नव्हता. तरी त्यांच्याच कारकिर्दीत, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, नागपूरच्या अधिवेशनावर आपले गाऱ्हाणे घेऊन गेलेले ११४ गोवारी चेंगराचेंगरीत मेले. आमच्याच पूर्व विदर्भातला हा गुराखी समाज. मेलेल्यांत बायाबापड्या आणि लेकरे होती. पुढच्याच वर्षी १४१ आमदारांची काँग्रेस ८० वर आली. युतीने यातून धडा घेतला म्हणावे, तर तेही नाही. १९९९ च्या जानेवारीअखेर मनोहर जोशींना ‘मातोश्री’वरून निरोप आला, १ फेब्रुवारीला नारायण राणे बसले आणि नऊ महिने भरायच्या आत युतीचे राज्य बुडाले. उलट २००३ च्या जानेवारीत विलासरावांना उतरवून सुशीलकुमार शिंद्यांना बसवले, तर २००४ ची निवडणूक आघाडीने जिंकली. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर विलासराव पुन्हा गेले, अशोक चव्हाण आले, आणि २००९ सुद्धा आघाडीचेच. २०१४ च्या लोकसभेत राज्यात काँग्रेसचे अवघे दोन खासदार उरले, तेव्हा पृथ्वीराज चव्हाणांना बदला म्हणून पक्षातच ओरड झाली. त्यांना बदलले नाही. ऑक्टोबरात काँग्रेस ४२ वर थांबली आणि भंडारा जिल्ह्यातल्या तिन्ही जागा भाजपकडे गेल्या.

महाराष्ट्राबाहेर पाहिले तरी गणित जुळत नाही. भाजपने २०२१ साली गुजरातेत विजय रूपाणी आणि त्यांचे अख्खे मंत्रिमंडळ घरी बसवले व पुढच्या वर्षी १८२ पैकी १५६ जागा जिंकल्या. त्याच २०२१ च्या सप्टेंबरात काँग्रेसने पंजाबात अमरिंदर सिंगांना काढून चरणजितसिंग चन्नींना पुढे केले. ते दोन मतदारसंघांतून उभे राहिले, दोन्हीकडे पडले, आणि पक्ष ११७ पैकी १८ वर आला. हरियाणात बदल फळला, दिल्लीत फळला नाही. ब्रिटनच्या हुजूर पक्षाने १९९० साली थॅचरबाईंना उतरवून १९९२ ची निवडणूक जिंकली. त्याच पक्षाने २०१६ नंतर पंतप्रधानांची रांग लावली आणि २०२४ मध्ये त्याचे पानिपत झाले. तेव्हा नेताबदलाच्या यशाची हमी देणारे सल्लागार, सर्वेक्षणवाले आणि ज्योतिषी यांना एकाच बाकावर बसवावे, हे बरे.

चेहऱ्यालाच यश चिकटलेले असते, तर आमच्या साकोलीच्या नाना पटोल्यांचे काय सांगाल? तेच प्रदेशाध्यक्ष असताना २०२४ च्या जूनमध्ये काँग्रेसने राज्यात लोकसभेच्या १३ जागा जिंकल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेच्या १०१ जागा लढवून १६ मिळवल्या. नानाभाऊ स्वतः २०८ मतांनी वाचले. पाच महिन्यांत अध्यक्ष बदलला नव्हता. बदलले होते ते वारे, पैसा, योजना आणि आघाडीतली भांडणे. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये हर्षवर्धन सपकाळ आले. पराभवाची मीमांसा कुठे झाली, हे मात्र भंडाऱ्याच्या कार्यकर्त्याला आजवर कळलेले नाही.

पण आम्हाला नानाभाऊंचा विषय काढायचा आहे तो निराळ्याच कारणासाठी. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळे गेली. सारा देश हळहळला. त्या बाळांचा जाब जिथे मागायचा, त्या विधानसभेचे अध्यक्ष आमच्याच जिल्ह्याचे नानाभाऊ होते. महिना उलटायच्या आत, ४ फेब्रुवारीला, त्यांनी खुर्ची सोडली; कारण काय, तर सत्तेतल्या काँग्रेसला बाळासाहेब थोरातांच्या जागी नवा प्रदेशाध्यक्ष हवा होता! ती खुर्ची पुढे जुलै २०२२ पर्यंत, म्हणजे सुमारे सतरा महिने, रिकामी राहिली. सभागृहाचा कारभार उपाध्यक्षांनी रेटला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, आमदारांच्या अपात्रतेचा वाद पेटला, तेव्हा निकाल द्यायला अध्यक्षच नव्हता. राजीनाम्याचा तो निर्णय चुकला, असे पुढे आघाडीतलेच लोक बोलू लागले. पक्षाला नवा दम हवा म्हणून घटनात्मक पद पणाला लावले आणि शेवटी सरकारच गेले. पक्ष आधी, विधानसभा नंतर, भंडारा सर्वांत शेवटी, हा क्रम कोणत्या एका पक्षाचा नाही. सगळ्यांनीच तो गिरवला आहे.

आता ‘दोन शिंदे’ पाहा. २००४ साली सुशीलकुमार मुख्यमंत्री म्हणून लोकांपुढे गेले, आघाडी जिंकली, आणि विजयाचा गुलाल वाळण्याआधी त्यांची रवानगी हैदराबादच्या राजभवनात झाली. खुर्चीवर पुन्हा विलासराव. २०२४ साली एकनाथ शिंदे मुख्यमंत्री म्हणून लोकांपुढे गेले, महायुतीने २८८ पैकी सव्वादोनशेच्या वर जागा जिंकल्या, आणि ५ डिसेंबरला शपथ देवेंद्र फडणवीसांनी घेतली. शिंदे उपमुख्यमंत्री. दोन्ही वेळी आमदारांच्या संख्येचे गणित पुढे केले गेले आणि कायद्याला त्यात काही वावगे दिसले नाही. पण मतदाराने ज्याच्या कारभारावर शिक्का मारला, तो माणूस निकालानंतर बाजूला सारला जातो, आणि ज्याच्या कारभारावर मतदार संतापलेला असतो, तो माणूस निकालाआधी गायब केला जातो. मग मतदाराने मत दिले तरी कशावर?

आमच्या संतापाचे मूळ मुंबईत नाही, पवनी तालुक्यात आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींनी गोसीखुर्द धरणाची कोनशिला बसवली. तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते; दोन महिन्यांनी, जूनमध्ये, त्यांनाच बदलले गेले. कोनशिलेच्या दिवसापासून या राज्याच्या गादीवर शंकररावांना धरून बारा माणसे बसली, त्यांतले काही एकाहून अधिक वेळा. शंकररावांचे चिरंजीवही बसून गेले. ३७२ कोटींचा प्रकल्प हजारो कोटींवर गेला, त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, कालव्यांच्या कामांच्या चौकशा झाल्या, गुन्हे दाखल झाले. बुडीत गावांतली माणसे पुनर्वसनासाठी मोर्चे काढता काढता म्हातारी झाली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून, कन्हानमधून वैनगंगेत उतरते आणि तेच धरणात साचते. भंडाऱ्याने ते प्यावे. पाण्याखाली शेती गेली ती इकडची, आणि टेलच्या शेतकऱ्याच्या बांधावर पाणी पोचण्याची वाट पाहणारीही माणसे इकडचीच!

प्रत्येक नव्या मुख्यमंत्र्याने गोसीखुर्दला नवी तारीख दिली. आधीच्याची तारीख का चुकली, हे नव्याला कोणी विचारू शकत नाही, कारण ‘ते माझ्या काळातले नाही’ हे उत्तर तयार असते. जुन्याला विचारायला जावे, तर तो राज्यपाल झालेला असतो, केंद्रात मंत्री झालेला असतो, नाहीतर दुसऱ्या पक्षात गेलेला असतो. नेताबदलाने पक्षाला किती जागा मिळतात ते ज्याचे त्याने मोजावे. भंडाऱ्याला त्यातून मिळते ती ही सोय : दोषी कोणीच नाही. पालकमंत्र्यांची तीच तऱ्हा. २०२५ च्या जानेवारीत भुसावळचे संजय सावकारे नेमले, ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी वर्ध्याचे पंकज भोयर. लोकांनी ‘झेंडा मंत्री’ हे नाव उगाच ठेवलेले नाही. खरेदी केंद्रावर बारदाना नाही, धानाचे चुकारे अडकले, बोनसचे काय, मुंडीपारचा भेल प्रकल्प भूमिपूजन होऊन का अडला, हे सवाल एका पाहुण्याकडून दुसऱ्या पाहुण्याकडे जातात.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. नेता नालायक ठरला असेल तर त्याला मध्यावर काढा, त्याच दिवशी काढा. शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका. शेवटच्या वर्षी मात्र ज्याने राज्य केले त्यानेच मतदारापुढे उभे राहावे आणि शिव्या खायच्या असतील तर त्या स्वतः खाव्यात. त्याला उन्हापावसातून वाचवण्याचा पक्षाला अधिकार नाही. घटनेचे कलम १६४ मंत्रिमंडळाला विधानसभेला जबाबदार धरते. दिल्लीतल्या श्रेष्ठींचे, वांद्र्याच्या बंगल्याचे किंवा नागपूरच्या वाड्याचे त्यात नावही नाही. एका ओळीचा ठराव हा त्या कलमाचा रोजचा अपमान आहे. नेता निवडायचा तर आमदारांनी मतदान करून निवडावा, आकडे जाहीर करावेत, जाणाऱ्याचा दोष लेखी सांगावा आणि येणाऱ्याने पहिल्याच अधिवेशनात जुन्या सरकारच्या अपुऱ्या आश्वासनांची यादी सभागृहापुढे ठेवावी, तारखांसह. असे केल्याने पक्ष फुटेल, अशी भीती घातली जाते. बंद खोलीत निर्णय घेऊन पक्ष फुटायचे राहिले आहेत का? गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात दोन मोठे पक्ष उभे चिरले गेले, तेही मतपेटीशिवाय!

साकोली, भंडारा आणि तुमसरच्या आमदारांना आमचे जाहीर सांगणे आहे. तिघेही तीन वेगवेगळ्या पक्षांच्या तिकिटावर २०२४ ला निवडून गेले, त्यामुळे पुढचा नेताबदल कोणत्याही छावणीत होवो, तो एका ओळीचा कागद तुमच्यापैकी कोणाच्या तरी हाती येईलच. टाळ्या वाजवण्यापूर्वी उभे राहून विचारा, की हा का जातोय आणि तो का येतोय. मिळालेले उत्तर पवनीच्या आठवडी बाजारात आणि तुमसरच्या धान बाजारात येऊन, नाव घेऊन सांगा. सांगण्याजोगे उत्तर मिळाले नाही, तर त्या कागदावर सही करू नका.