मुदत किती दिवसांची, हे ठरवले कोणी?

बॅकअप आणि अर्काइव्ह हे सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे विषय, त्यात चळवळीचे काय काम, असे आपल्यातले अनेक जण म्हणतात. आमचे मत नेमके उलट आहे.

महाराष्ट्रात जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या माणसाकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. जात सिद्ध करण्याची जबाबदारी २००० च्या जात प्रमाणपत्र अधिनियमाच्या कलम ८ ने दावेदारावरच टाकली आहे. म्हणजे नोंद शाळेची, तहसीलीची, सांभाळायची त्यांनी, आणि ती सापडली नाही तर भोगायचे आम्ही!

आता नोंदी स्कॅन होऊन सर्व्हरवर जात आहेत. तिथले नियम कसे असतात, हे उदाहरण म्हणून आयबीएमच्या, पूर्वी टिवोली स्टोरेज मॅनेजर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहू. त्यात बॅकअप आणि अर्काइव्हची धोरणे वेगळी असतात. बॅकअप चालू कामासाठी. आपण आकडे भरले नाहीत, तर फाइलच्या दोनच आवृत्त्या राहतात आणि मूळ फाइल पुसली गेल्यावर शेवटची प्रत ६० दिवस टिकते. अर्काइव्ह जपणुकीसाठी, पण तिथेही आयता आकडा ३६५ दिवसांचाच. मुदत संपली की प्रत बाद. कायम ठेवायचे तर 'नोलिमिट' असे मुद्दाम लिहावे लागते.

पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद मागणारी व्यवस्था आणि वर्षभरात विसरणारे यंत्र! यंत्राला जात नसते, हे खरे. पण आकडा माणूस भरतो आणि तो न भरणे हाही निर्णयच असतो. ज्याच्या घरी पिढ्यानपिढ्यांचे कागद पेटीत आहेत, त्याला सर्व्हर विसरला तरी फरक पडत नाही.

सगळेच कायम ठेवायला जागा आणि पैसा कुठून आणायचा, हा तंत्रज्ञांचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळे 'मॅनेजमेंट क्लास' करता येतात. रोजच्या पत्रव्यवहाराला ठरावीक मुदत द्या; शाळेचे प्रवेश रजिस्टर आणि जातीचे दाखले मात्र कायम ठेवा. आणि नवे धोरण 'ॲक्टिव्हेट' केल्याशिवाय लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या. मंजूर झालेला पण अंमलात न आलेला ठराव आपल्याला नवा नाही.

तेव्हा साथींनो, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारा: आमच्या नोंदींच्या प्रतींची मुदत किती? ती कोणत्या आदेशाने ठरली? प्रतीवरून नोंद परत मिळते का, हे शेवटचे कधी तपासले? आयटीत काम करणाऱ्या आपल्या भावाबहिणींनी हे अर्ज लिहायला वस्तीतल्या कार्यकर्त्यांना मदत करावी. दाखला हरवल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा तो हरवू न देणे सोपे आहे.

जय भीम!